अर्धांगवायूनंतर हालचाल पुन्हा शिकवताना : घरच्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

रुग्णालयातून घरी सोडताना हाती पडणाऱ्या कागदावर औषधांची नावे, मात्रा आणि वेळा व्यवस्थित लिहिलेल्या असतात. सर्वांत खाली मात्र ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी’ एवढे तीनच शब्द असतात. पुढच्या कित्येक महिन्यांचे काम या तीन शब्दांत कोंबलेले असते, आणि ते नेमके कसे करायचे हे बहुतेक घरांना कोणी सांगितलेले नसते. मग शेजारचे कोणी मालिशवाला सुचवतात, कोणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगतात, आणि भाचा-पुतण्या हसऱ्या चेहऱ्याचा पिवळा मऊ चेंडू आणून ‘हा दिवसभर दाबत बसा’ म्हणून रुग्णाच्या हाती देतो. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देण्याच्या कामात मी हा चेंडू इतक्या घरांत पाहिला आहे, की आता पहिल्या भेटीत प्रथम तोच मागून घेते. त्याचे कारण पुढे येईलच.

हा लेख एकाच परिस्थितीपुरता आहे. मेंदूत गुठळी अडकल्यामुळे किंवा रक्तस्राव झाल्यामुळे शरीराची एक बाजू लुळी पडली आहे, डॉक्टरांनी प्रकृती स्थिर असल्याचे सांगितले आहे आणि रुग्ण घरी आला आहे, असे मी गृहीत धरले आहे. मणक्याची इजा, पार्किन्सन किंवा लहान मुलांतील सेरेब्रल पाल्सी यांचे सराव वेगळे असतात. त्यांना हे जसेच्या तसे लावू नये.

बिघाड हातात नाही, आज्ञेत आहे

हात उचलला जात नाही म्हणजे हातातली ताकद गेली, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात पहिल्या दिवसांत स्नायू, हाडे आणि सांधे शाबूतच असतात. मेंदूतून त्यांच्यापर्यंत जाणारी आज्ञा तुटलेली असते. या आज्ञा वाहणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी एका बाजूकडून दुसरीकडे ओलांडून जातात, म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवे अंग लुळे पडते. मालिशने अंगाला बरे वाटते, त्वचा चांगली राहते, आणि त्याला माझी हरकत नाही; परंतु दुसऱ्याने चोळल्याने रुग्णाच्या मेंदूतून आज्ञा निघत नाही. ती निघण्यासाठी प्रयत्न रुग्णाचाच असावा लागतो, मग हालचाल नखभर का होईना.

अमेरिकेत रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतील हात चालवणाऱ्या भागाला छोटी इजा झालेल्या माकडांना लहान खळग्यांतून खाऊ काढण्याचा सराव रोज दिला, तेव्हा इजेलगतचा हाताचा भाग टिकून राहिला आणि काहींच्या बाबतीत तो शेजारच्या, पूर्वी कोपर-खांद्याकडे असलेल्या भागात पसरला. सराव न मिळालेल्या माकडांत मात्र शाबूत राहिलेला भागही आक्रसत गेल्याचे आधीच्या कामात दिसले होते. अमेरिकेतलेच संशोधक एडवर्ड टाउब यांनी त्याआधीच दाखवले होते की सुरुवातीला प्रयत्न फसत गेले, की प्राणी तो अवयव वापरणेच सोडून देतो आणि पुढे क्षमता परत आली तरी वापरत नाही. आपल्या घरांत हेच रोज घडते, कारण डाव्या हाताने जेवण भागते, आणि न भागल्यास सून भरवते.

आता प्रश्न किती सरावाचा. उत्तर अमेरिकेतील उपचारकेंद्रांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की ज्या सत्रांत हाताच्या कामाचा सराव घेतला गेला, त्यांतही एका सत्रात हात सरासरी ३२ वेळाच कामाला लागत होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र दिवसाला काहीशे आवर्तने होत. फिजिओथेरपिस्ट दिवसातून पाऊण तास येतो, उरलेले तेवीस तास घराकडे असतात. त्यामुळे खरा सराव घरच्यांच्या हाती असतो, आणि तो चुकीचाही होऊ शकतो. मेंदू बरे-वाईट पाहत नाही. जे वारंवार घडते ते तो पक्के करतो. खांदा उडवून घास तोंडाकडे नेण्याची सवय दोनशे वेळा झाली, की तीही तितकीच पक्की होते.

सुरुवातीपूर्वी

डॉक्टरांना चार गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: रक्तदाब किती झाला तर सराव थांबवायचा, हृदयाची काही अडचण आहे का, गिळण्याची तपासणी झाली आहे का, आणि लुळ्या बाजूच्या स्पर्शाची जाणीव कितपत उरली आहे. गिळणे तपासले नसेल तर आडवे असताना चमचाभर पाणीही देऊ नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. स्पर्शाची जाणीव नसलेल्या हाताला गरम पाण्याची पिशवी लावणे म्हणजे फोड ओढवून घेणे होय.

घाई करण्यातही धोका असतो. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या, २१०४ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि भरपूर उठवणे-चालवणे सुरू केले, तेव्हा तीन महिन्यांनंतर अशा रुग्णांची स्थिती नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपेक्षा चांगली नव्हे, तर काहीशी वाईट निघाली. म्हणजे पहिल्या दिवसांत थोडे आणि जपून. प्रकृती स्थिरावली की मात्र रोज आणि भरपूर. आपोआप होणारी सुधारणा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होते, आणि याच काळात सरावाचे चीज सर्वाधिक होते.

एक दोनशे पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर आजची स्थिती लिहावी: कुशीवर वळता येते का, आधाराशिवाय किती वेळ बसता येते, कोणती बोटे हलतात. दर रविवारी त्याच जागी, त्याच खुर्चीवर मोबाइलने दोन मिनिटांचे चित्रण करावे. आठवड्याची सुधारणा रोजच्या डोळ्यांना दिसत नाही. चौथ्या रविवारी पहिल्या रविवारचे चित्रण पाहिले की दिसते.

पहिली पायरी : अंथरूण

खाट भिंतीला लावताना रुग्णाची लुळी बाजू भिंतीकडे ठेवू नये. विशेषतः डावी बाजू लुळी असलेल्या रुग्णांपैकी काहींचे त्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाढी अर्धीच होते. पाण्याचे भांडे, मोबाइल, दूरदर्शन आणि बोलणारी माणसे त्या बाजूला असावीत, म्हणजे मान वळवावी लागेल. फार दुर्लक्ष होत असेल तर वस्तू आधी मध्यावर ठेवून हळूहळू त्या बाजूला सरकवाव्यात.

दर दोन तासांनी कूस बदलावी. लुळ्या कुशीवर झोपवण्यास घरचे घाबरतात, पण ती कूस उपयोगी असते, कारण अंगाच्या भाराने त्या बाजूची जाणीव मेंदूकडे जाते. फक्त खांदा अंगाखाली दबता कामा नये. तो पुढे काढून, हात शरीरापुढे, तळवा वर, असा ठेवावा. धड (म्हणजे चांगल्या) कुशीवर झोपवताना लुळा हात पुढे घेतलेल्या उशीवर आणि लुळा पाय गुडघ्यात वाकवून दुसऱ्या उशीवर असावा.

उठवताना हाताला धरून सरळ ओढून बसवू नये. गुडघे वाकवावेत, कुशीवर वळवावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि मग रुग्णाला कोपरावर, नंतर तळहातावर भार देत उठू द्यावे. आपला हात त्याच्या कमरेवर आणि खांद्याच्या पाठीमागे असावा. पहिले काही दिवस लागतो तो वेळ लागू द्यावा.

खांदा : येथे सर्वाधिक नुकसान होते

खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात मुख्यतः भोवतालच्या स्नायूंच्या पकडीने राहतो. हे स्नायू लुळे पडले, की हाताच्या वजनाने गोळा खाली उतरतो आणि खांद्याच्या टोकाखाली बोट मावेल अशी खाच जाणवू लागते. अशा हाताला धरून एकदा जरी जोरात ओढले, तरी दुखणे महिनोन्‌महिने मागे लागू शकते. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना रुग्णालयाच्या लिफ्टपाशी दोन मदतनिसांनी काखेत हात घालून चाकाच्या खुर्चीतून उचलले होते. पाय हळूहळू सुधारत होता; पण खांद्याच्या ठणक्यामुळे पुढचे जवळपास दोन महिने त्यांनी हाताला कोणाला स्पर्शही करू दिला नाही, आणि ते नेमके पहिल्या तीन महिन्यांतले दोन महिने होते.

म्हणून काही नियम घरातल्या प्रत्येकाला, भेटायला येणाऱ्या पाहुण्यांसकट, सांगून ठेवावेत. रुग्णाला काखेत किंवा मनगटाला धरून कधीही उचलू नये. कमरेला रुंद सुती पट्टा बांधून तो धरावा. बसलेले असताना लुळा हात मांडीवरून खाली लोंबू देऊ नये. कोपरापासून बोटांपर्यंतचा भाग उशीवर किंवा टेबलावर असावा. गळ्यातली झोळी चालण्यापुरती ठीक आहे, पण दिवसभर घातल्यास हात पोटाशी वाकलेल्या स्थितीत आखडतो. दाराला कप्पी टांगून दोरीने लुळा हात वर ओढण्याचा व्यायाम अजूनही अनेक घरांत दिसतो. तो बंद करावा, कारण त्यात खांद्याच्या पात्याची साथ नसताना दंड वर खेचला जातो आणि आतले स्नायू चिमटतात. आपण हात हलवून देतानाही एका हाताने पाते पुढे-वर सरकवावे, तळवा वरच्या दिशेला वळलेला ठेवावा, आणि पाते साथ देत नसेल तोवर खांद्याच्या उंचीच्या वर जाऊ नये.

सदरा किंवा झंपर घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा, काढताना तो सर्वांत शेवटी काढावा. कपड्यांची ओढाताण वाचली की खांदाही वाचतो.

बसण्यातून उठणे : रोजचा मुख्य सराव

घरच्यांना घाई असते ती चालवण्याची. दोघे दोन्ही बाजूंनी धरून रुग्णाला अंगणापर्यंत फरपटत नेतात आणि ‘आज चालले’ असे फोनवर सांगतात. मला विचाराल तर पहिल्या महिन्यात त्या फेरीपेक्षा खुर्चीतून नीट उठण्याची वीस आवर्तने अधिक मोलाची आहेत. उठण्यात मांडी, नितंब आणि पोटरी तिन्ही कामाला लागतात, लुळ्या पायावर भार येतो, तोल शिकला जातो, आणि शौचास स्वतः जाता येण्याची वाट याच हालचालीतून जाते. ऑस्ट्रेलियातील जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड या दोघी फिजिओथेरपिस्टनी १९८०च्या दशकात, सुटे व्यायाम करून घेण्याऐवजी अशी रोजची कामेच सरावाचा गाभा मानावीत, अशी मांडणी केली. आज हीच दिशा बहुतेक ठिकाणी स्वीकारली गेली आहे.

खुर्ची टणक, चाके नसलेली, मागे भिंतीला टेकवलेली असावी. सोफा नको. सुरुवातीला बैठकीवर घडी केलेली गोधडी घालून उंची एवढी वाढवावी, की बसल्यावर नितंब गुडघ्यांपेक्षा थोडे वर राहतील. पायांत पट्ट्याचे बूट असावेत किंवा पाय अनवाणी असावेत. रबरी सपाता नकोत.

आधी रुग्णाने खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकावे. नंतर दोन्ही पाय मागे घ्यावेत. गुडघ्यातून ओळंबा सोडला असता टाच त्याच्या सुमारे १० सेंटिमीटर मागे यावी, आणि टाच जमिनीवरच असावी. पाय पुढे पसरलेले राहिले, तर पैलवानालाही उठता येत नाही. स्वतः करून पाहावे. आता समोर उंच स्टूल ठेवून दोन्ही हात त्यावर पुढे सरकवावेत, पाठ न वाकवता कमरेपासून वरचे अंग पुढे झुकवावे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत. याच क्षणी नितंब उचलतात. त्यानंतर गुडघे आणि कंबर सरळ करीत उभे राहायचे. बसताना तीन अंक मोजत सावकाश बसावे, धाडकन नव्हे, कारण सावकाश बसण्यातच मांडीचा अर्धा सराव असतो.

मदतनिसाने लुळ्या बाजूला, थोडे समोर, कमी उंचीच्या स्टुलावर बसावे. एक हात लुळ्या गुडघ्यावर ठेवून तो पुढे आणि खाली, पावलाच्या दिशेने दाबावा. दुसरा हात कमरेच्या पट्ट्यावर असावा. रुग्णाला आपल्या गळ्यात हात टाकून लोंबकळू देऊ नये, अन्यथा दोघेही पडतात आणि शिकले काहीच जात नाही.

सर्वांत मोठी लबाडी येथे होते, ती म्हणजे सगळा भार धड पायावर घेऊन उठण्याची. रुग्णाचे त्यात काही चुकत नाही. मेंदू सोपी वाट धरतो. ती पकडण्यासाठी लुळ्या पायाखाली वर्तमानपत्राचे एक पान ठेवावे. रुग्ण उभा राहिल्यावर पान अलगद ओढून निघाले, तर त्या पायावर भारच नाही. न फाटता निघेना, तर भार येतो आहे. भार येत नसेल तर धड पाय किंचित पुढे ठेवून उठायला सांगावे, म्हणजे मागच्या, लुळ्या पायाला काम करणे भाग पडते.

पाच-पाच आवर्तनांचे दोन-तीन संच, दिवसातून तीन वेळा, येथून आरंभ करावा आणि रोजची संख्या पन्नाशीपर्यंत न्यावी. सहज जमू लागले, की गोधडीची एक घडी कमी करावी. सराव नेहमी थोडा अवघड असावा. अगदी सहज जमणाऱ्या गोष्टीतून नवे शिकले जात नाही, आणि दहापैकी आठ वेळा फसणाऱ्या गोष्टीतून केवळ निराशा येते.

उभे राहणे आणि चालणे

ओट्याला किंवा भक्कम टेबलाला धरून उभे राहून भार डावीकडून उजवीकडे न्यावा, मग धड पाय छोट्या पाटावर ठेवावा आणि काढावा, म्हणजे तेवढा वेळ लुळा पाय एकटा उभा राहतो. हे जमल्यावरच पाऊल टाकावे.

चालताना लुळा पाय विळ्यासारखा अर्धगोल फिरत पुढे येतो, कारण गुडघा वाकत नाही आणि पावलाचा पुढचा भाग खाली लोंबतो. पाऊल लोंबत असेल तर पोटरीपासून तळव्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा स्प्लिंट वापरावा. तो घातल्याने पाय आळशी होतो अशी भीती घरोघरी असते, परंतु बोटे अडखळून पडण्यापेक्षा आणि अर्धगोल चाल पक्की होण्यापेक्षा तो केव्हाही बरा. मात्र तो मापाचा हवा आणि काढल्यावर कातडीवरचा लालसरपणा वीस-तीस मिनिटांत गेला पाहिजे.

काठी धड हातात धरावी. बूट घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. क्रम असा: आधी काठी, मग लुळा पाय, मग धड पाय. मदतनिसाने लुळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे, कमरेचा पट्टा धरून चालावे. घरातली पायपुसणी उचलावीत, उंबऱ्यावर रंगीत पट्टी चिकटवावी, न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवावी, आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयावर कमोडची खुर्ची ठेवावी. हा खर्च टाळून पुढे खुब्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च केलेली घरे मी पाहिली आहेत.

हात

हात पायापेक्षा सावकाश येतो, आणि सगळ्यांचा पूर्ण येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण ‘येत नाही’ असे ठरवून सोडून दिलेला हात नक्कीच येत नाही.

आता त्या चेंडूविषयी. अर्धांगवायूनंतर काही आठवड्यांत हातात ताठरपणा येतो, तोही ठरलेल्या नमुन्याने: कोपर वाकते, मनगट आत वळते, मूठ मिटते. मूठ मिटणे बहुधा आपोआप परत येते. अवघड असते ते उघडणे. मिटलेल्या मुठीला दिवसभर मिटण्याचाच सराव देऊन आपण नको ते पक्के करतो. चेंडूऐवजी बोटे उघडून वस्तू सोडण्याचा सराव हवा.

मुळीच हालचाल नसेल तर आरशाचा उपाय करून पाहावा. टेबलावर उभा आरसा असा ठेवावा, की लुळा हात त्यामागे झाकला जाईल आणि धड हाताचे प्रतिबिंब लुळ्या हाताच्या जागी दिसेल. मग दोन्ही हातांनी एकच हालचाल करण्याचा प्रयत्न करीत आरशात पाहावे. मूळचे तमिळनाडूचे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती, हात कापला गेलेल्या रुग्णांना त्या नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनेसाठी वापरली होती. १९९९ मध्ये अर्धांगवायूच्या काही मोजक्या रुग्णांवर ती प्रथम वापरल्याचे प्रसिद्ध झाले, आणि नंतरच्या अभ्यासांत सरावाला जोड म्हणून तिचा उपयोग दिसला. रोज अर्धा तास पुरेसा आहे.

खांदा-कोपर थोडे हलू लागले, की हाताखाली फडके ठेवून ते टेबलावर पुढे सरकवावे, ओटा पुसतो तसे. पुढे स्टीलचा पेला धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवावा. ठेवल्यावर बोटे पूर्ण उघडणे हाच त्यातला खरा धडा. मग वाटीतले राजम्याचे दाणे, त्यानंतर शेंगदाणे. एका आजींना सुटे व्यायाम अजिबात मान्य नव्हते. ‘हे पोरखेळ कशाला’ म्हणून त्या हात मागे घेत. त्यांच्यापुढे मटाराच्या शेंगांनी भरलेली सुपली ठेवली, तेव्हा धड हाताने शेंग धरून लुळ्या हाताच्या अंगठ्याने ती उकलण्याचा खटाटोप त्यांनी तासभर न कुरकुरता केला. शेंगा पंच्याहत्तर झाल्या, आणि त्या मोजायचे काम नातीने केले. कणीक मळणे, लसूण सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे, जपमाळ ओढणे, दुकानदाराने सुटी नाणी मोजणे, भजनी माणसाने टाळ धरणे: ज्याच्या हाताला पूर्वी जे काम होते, त्याच्या हाताला तेच द्यावे.

येथेही लबाडीवर लक्ष असू द्यावे. हात पुढे जाण्याऐवजी कमरेपासून वरचे अंगच पुढे झुकते आणि खांदा कानाकडे उडतो. पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये घडी केलेला पंचा ठेवावा. दाणा उचलताना पंचा खाली पडला, तर हाताचे काम अंगाने केले. मग वाटी चार बोटे जवळ घ्यावी आणि पुन्हा करावे.

मनगट आणि बोटे किमान १० अंश वर उचलता येत असतील तर आणखी एक मार्ग आहे, धड हात बांधून ठेवण्याचा. २००६ मध्ये निष्कर्ष आलेल्या, २२२ रुग्णांच्या अमेरिकेतील चाचणीत झटका येऊन ३ ते ९ महिने झालेल्यांनी जागेपणीचा ९० टक्के वेळ धड हातावर जाड मोजा घातला आणि दोन आठवडे रोज काही तास लुळ्या हाताचा सराव केला. वर्षभरानंतरही त्यांचा हात तुलनेच्या गटापेक्षा अधिक चालत होता. घरी हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, रोज दोन-तीन तासांपासून, आणि फक्त बसलेले असताना करावे; चालताना किंवा न्हाणीघरात धड हात कधीही बांधलेला नसावा.

ताठरपणा असलेला हात झटक्याने उघडू नये. झटक्याने तो अधिकच आवळतो. आधी मनगट खाली वाकू द्यावे, बोटे सैल पडली की अंगठ्याच्या मुळाशी धरून ती उघडावीत, आणि मग मनगट सावकाश वर आणत अर्धा ते एक मिनिट धरून ठेवावे. कालपर्यंत ठीक असलेला ताठरपणा आज अचानक वाढला, तर सराव वाढवण्याआधी बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, रुतलेले नख किंवा कातडीवरची जखम शोधावी. कारण बहुधा तेथे सापडते. ताठरपणा कमी करणाऱ्या गोळ्या आणि बोट्युलिनमची इंजेक्शने हा डॉक्टरांचा प्रांत आहे.

दिवसाची आखणी, आणि थांबायचे केव्हा

एका दमात दोन तास घेण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांची चार-पाच सत्रे घ्यावीत आणि प्रत्येकानंतर विश्रांती द्यावी. वहीत वेळ लिहिण्याऐवजी आवर्तने लिहावीत; ‘अर्धा तास केला’ यातून काहीच कळत नाही, ‘उठणे ४२, पेला ९०’ यातून कळते. उजवी बाजू लुळी असलेल्या अनेकांची वाचाही गेलेली असते. त्यांना लांबलचक सूचना देऊ नयेत, समोर बसून करून दाखवावे. साधारण तीनपैकी एका रुग्णाला अर्धांगवायूनंतर खिन्नतेचा आजार जडतो. जो माणूस आठवडाभर सराव नाकारतो, सतत रडतो किंवा भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, त्याला आळशी न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे, कारण त्यावर औषध आहे.

छातीत दुखणे, धाप, भोवळ, किंवा एका पोटरीला सूज, ऊब आणि दुखणे दिसल्यास सराव तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे. तशी पोटरी चोळू तर मुळीच नये, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. चेहरा नव्याने वाकडा होणे, बोलणे अडखळणे किंवा धड बाजूही दुबळी वाटणे, हा नवा झटका समजून लगेच १०८ला फोन करावा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे.

खासगी फिजिओथेरपी रोज परवडत नसेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग असतो. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था आहे. पंधरा दिवसांतून एकदा तपासून, वही दाखवून पुढचा सराव ठरवून घेतला आणि रोजचा घरी केला, तरी चालते. सहा महिन्यांनंतर काही होत नाही, असे सांगणारे भेटतील. वेग मंदावतो हे खरे, पण वर सांगितलेल्या, धड हात बांधण्याच्या चाचणीतले अनेक रुग्ण सहा महिने उलटून गेलेलेच होते.

घराबाहेरच्या पायऱ्यांसाठी एवढे पाठ करून ठेवावे: चढताना धड पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी. एस.टी.ची पहिली पायरी घरातल्या कोणत्याही पायरीपेक्षा उंच असते, म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी ओसरीच्या सर्वांत उंच पायरीवर आठवडाभर सराव करावा. उतरताना दांडी लुळ्या बाजूला येत असेल, तर तोंड गाडीकडे करून उलटे उतरावे, खाली एकाने कमरेचा पट्टा धरून उभे राहावे, आणि चढतानाच वाहकाला सांगून ठेवावे की आम्ही बसल्याशिवाय घंटी मारू नका.